टीन रोमान्समधली पैज आणि ऐंशीव्या मिनिटाचा गौप्यस्फोट : काढून टाकावा का?

कथाबीज (धागाकर्ता)
हायस्कूलमधल्या प्रेमाच्या हॉलिवूडपटांचा साचा एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या पंधरा मिनिटांत मुलगा मित्राशी पैज लावतो, नाहीतर पैसे घेऊन मुलीच्या मागे लागतो. मग खरंच प्रेमात पडतो. शंभर मिनिटांच्या सिनेमात 75 ते 80च्या दरम्यान, बहुतेक वेळा प्रॉमच्या, म्हणजे शाळेच्या औपचारिक नृत्यसमारंभाच्या रात्री, तिसराच कुणीतरी चारचौघांत भांडं फोडतो. ती रडत निघून जाते, उदास गाण्यावर मोंताज (झटपट दृश्यांची मालिका) येतो, मग जाहीर माफी आणि चुंबन.

माझं स्पष्ट मत आहे की हा गौप्यस्फोट पटकथेचं नुकसान करतो. प्रेक्षकाला पैज आधीच माहीत असते, त्यामुळे ती फुटू नये म्हणून लेखकाला तासभर कसरत करावी लागते. नायक कबुली द्यायला तोंड उघडतो आणि नेमका फोन वाजतो. हे एकदा खपतं. दुसऱ्यांदा झालं की फोन लेखकानेच वाजवलाय हे कळतं. शिवाय स्फोटानंतर हातात वीसेक मिनिटं उरतात. त्यात विरह, वडिलांशी बोलणं, मैत्रिणीशी समेट, माफी हे सगळं कोंबायचं, म्हणून क्षमेच्या वाट्याला एक भाषण येतं.

दुसरा ड्राफ्ट
असहमत. दोष गौप्यस्फोटाचा नसतो, गुपितात दम नसण्याचा असतो. पटकथा तपासताना एकच प्रश्न विचारावा : नायकाला एक वाक्य पूर्ण बोलू दिलं तर भांडण मिटेल का? मिटत असेल तर तो नुसता गैरसमज आहे, आणि तिथे तुमची तक्रार रास्त आहे. 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' (1999) मध्ये नायक पॅट्रिकने नायिका कॅटच्या मागे लागण्याचे पैसे खरोखर घेतलेले असतात. कितीही खुलासा केला तरी ते घेतलेच. म्हणून कॅटचा राग शेवटपर्यंत रास्त वाटतो, आणि पुढची हालचालही तीच करते. वर्गात उभी राहून कविता वाचते, वाचता वाचता रडते. जिच्यावर अन्याय झाला तिच्या हातात प्रसंगाची सूत्रं दिली की साचा जुना असला तरी चालतो.

आणि हा साचा नव्वदच्या दशकातला नाहीच. हा सिनेमा शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू'वर बेतलेला आहे. धाकट्या बहिणीवर डोळा असलेल्यांनी थोरलीच्या मागे लागणाऱ्याचा खर्च उचलायचा, हे मूळ नाटकातच आहे. पैजही आहे, पण ती शेवटच्या प्रसंगात, कुणाची बायको जास्त आज्ञाधारक यावर.

कथाबीज
कवितेबद्दल वाद नाही. पण त्यानंतर काय होतं तेही बघा. पार्किंगमध्ये तिच्या गाडीत गिटार ठेवलेली, तीही त्याच पैशांतून घेतलेली, आणि दोन मिनिटांत दिलजमाई. दर वेळी गिटार देऊन सुटता येणार नाही असं ती स्वतःच बजावते, म्हणजे लेखकांनाही अडचण दिसत होती. वेळच उरलेला नाही! नेमकं हेच मी म्हणतोय.

मोंताज
क्लायमॅक्सवरून एक महत्त्वाचं उदाहरण. 'प्रिटी इन पिंक' (1986) मध्ये नायिका अँडी शेवटी तिच्या जिवलग मित्राची, डकीची होते, असं आधी चित्रित झालं होतं. टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळाला, प्रेक्षकांनी ते नाकारलं. शेवट पुन्हा चित्रित करून ती श्रीमंत ब्लेनकडे गेली. ब्लेन झालेल्या अँड्र्यू मॅकार्थीने मध्यंतरी एका नाटकासाठी डोकं भादरलं होतं, म्हणून त्या प्रॉमच्या प्रसंगात त्याला विग आहे, आणि तो विग म्हणून ओळखू येतो. संकेत म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. तासभर ब्लेनची ओढ दाखवून ऐनवेळी तो फिरवता येत नाही.

कथाबीज
हा तर टेस्ट स्क्रीनिंगचा जाच झाला. प्रेक्षकाला ओळखीचंच हवं असतं म्हणून तेच द्यायचं का?

मोंताज
तसं असतं तर पुढचा सिनेमा पडद्यावर आलाच नसता. 'प्रिटी इन पिंक'च्याच लेखकाने, जॉन ह्यूजने लिहिलेला आणि त्याच्याच दिग्दर्शकाने, हॉवर्ड ड्यूचने दिग्दर्शित केलेला 'सम काइंड ऑफ वंडरफुल' (1987) बघा. मुलगा-मुलगी उलटे केले, बाकी त्रिकोण तोच, आणि इथे शेवट मैत्रिणीच्या बाजूने होतो. तो पटतो, कारण पेरणी वेळेत झाली आहे. नायक कीथला दुसरीसोबतच्या डेटची तयारी म्हणून त्याची मैत्रीण वॉट्स चुंबनाचा सराव करायला लावते. त्याला तो सरावच वाटतो, तिचा मात्र श्वास अडकतो, आणि कॅमेरा ते टिपतो. त्या क्षणापासून आपण तिच्या बाजूचे. निकाल फिरवायचा असेल तर शेवटचं पान बदलून भागत नाही, असा प्रसंग आधीच लिहावा लागतो.

मधली ओळ
मेकओव्हर राहिलाच. चष्मा काढला, केस मोकळे सोडले, जिन्यावरून उतरली आणि सगळे थक्क, हा प्रकार मला कायमचा बंद झालेला हवाय. त्यातून मुलीचा एकही निर्णय दिसत नाही. मात्र 'क्लूलेस' (1995) मध्ये मेकओव्हरची किंमत मोजावी लागते. नायिका शेरने घडवलेली तिची नवी मैत्रीण ताय लोकप्रिय होते आणि शेरवरच उलटते, तेही शेर ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास होऊन घरी आली त्याच दिवशी. मेकओव्हरने पुढचं भांडण जन्माला घातलं तर ठेवा, नाहीतर कात्री लावा.

दुसरा ड्राफ्ट
मेकओव्हरबद्दल पूर्ण सहमत. गौप्यस्फोटावर ठाम आहे. 'बुकस्मार्ट' (2019) मध्ये पैज नाही, आणि फूट पडते ती दोन मैत्रिणींत. तरी भर पार्टीतलं भांडण आहेच. भोवतालची पोरं मोबाइल वर धरून चित्रण करतात आणि मध्येच संवादांचा आवाज बंद होतो. कोण काय बोललं यापेक्षा हे चारचौघांत घडतंय, याचीच जखम खोल. हे बंद दाराआड घडवलं असतं तर निम्मा परिणाम गेला असता.

कथाबीज
ते भांडण मला मान्य आहे, कारण ते तिऱ्हाइताने फोडलेल्या गुपितावर उभं नाही, त्या दोघींच्या नात्यातूनच आलंय. मग माझी मागणी थोडी बदलतो. स्फोट ठेवा, पण पन्नासाव्या मिनिटाला, आणि कबुली नायकाच्याच तोंडून. उरलेला अर्धा सिनेमा विश्वास परत मिळवण्यावर खर्च करा.

मधली ओळ
पन्नासाव्या मिनिटाला फोडलंत तर प्रॉमला काय घडणार? नुसतं विश्वास मिळवणं पडद्यावर दिसत नाही. तिच्यापुढे दुसरा खरा पर्याय लागेल : दूरच्या कॉलेजचा प्रवेश, नाहीतर दुखावलेली मैत्रीण. आणि तो पहिल्या वीस मिनिटांतच पेरावा लागेल. उशिरा आणलात तर उत्तरार्धात ती फक्त रुसून बसलेली दिसेल आणि सगळे प्रसंग पुन्हा नायकाच्याच वाट्याला जातील.