मदत हवी आहे : निकेल प्लेटिंगच्या टाकीतला फायबर ऑप्टिक प्रोब दुपारी चुकतोय

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. टाकीतलं निकेल आजवर ईडीटीए टायट्रेशननं (नमुन्यात रंग बदलेपर्यंत ईडीटीए हे रसायन थेंब थेंब घालून) मोजायचो, पण उत्तर येईपर्यंत चार जॉब बुडून निघालेले असायचे. म्हणून फायबर ऑप्टिक डिप प्रोब (द्रावणात बुडवून उजेडानं मोजणारी दांडी) बसवला. हॅलोजन दिव्याचा उजेड 10 मीटर फायबरमधून टाकीत जातो, प्रोबच्या टोकाच्या फटीतल्या द्रावणातून आरशापर्यंत जाऊन परत येतो आणि ऑफिसातल्या स्पेक्ट्रोमीटरवर, कुठल्या रंगाचा उजेड किती शोषला गेला, त्याचा आलेख उमटतो. फायबर रेक्टिफायरच्या (टाकीला डीसी वीज देणाऱ्या यंत्राच्या) शेजारून गेलंय, तरी सिग्नलला विजेचा काही त्रास नाही. हे मला फार आवडलं.

निकेल 395 आणि 720 नॅनोमीटरच्या आसपास उजेड शोषतं. द्रावण इतकं गडद की 1 सेंटीमीटरच्या मार्गात 395 ला जवळपास काहीच उरत नाही. म्हणून फट 1 मिलिमीटरची घेतली, जाऊन-येऊन 2.

सकाळी आकडा टायट्रेशनशी जुळतो. दुपारी द्रावण 55 अंशांवर आलं आणि हवेनं ढवळणं सुरू झालं की अख्खा आलेख वर सरकतो. 500 च्या जवळही, जिथं निकेल फारसं शोषतच नाही! बुडबुडे फटीत अडकतात असा माझा संशय आहे.

500 जवळचा आकडा 395 च्या आकड्यातून वजा केला तर भागेल का? की प्रोब फिल्टरनंतरच्या पाइपात हलवू? आणि ब्राइटनरचा (चकाकीसाठी टाकीत घालतो त्या रसायनाचा) थर आरशावर बसत असेल तर तो कशानं काढता? संकेश्वर, निपाणी, कोल्हापूरकडे कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. रविवारी टाकी रिकामी असते, तेव्हा बदल करता येईल.