व्यसनमुक्तीतला माणूस 'शांत झाला' हे प्रश्नावली ठरवणार का?

पाणवठा: मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे दाखल होताना आणि घरी सोडताना आक्रमकता मोजणारी 'बस-पेरी' प्रश्नावली भरून घेतात. १९९२ची, २९ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मारहाण, शाब्दिक भांडण, राग आणि मनातला आकस असे चार भाग. गुण उतरले की फाइलवर 'सुधारणा'. याला माझा ठाम विरोध आहे. ही चाचणी अमेरिकेतल्या १,२५३ कॉलेज विद्यार्थ्यांवर बेतलेली. आमच्या माणसाला रात्री पिऊन काय केलं ते सकाळी आठवत नाही. तो कशाच्या भरवशावर खुणा करणार? मागे एकाचे गुण निम्म्यावर आले होते. पंधरा दिवसांनी त्याची बायको हाताला प्लास्टर घालून आली. तिला आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता.

कवडसा: ताई, वाचून वाईट वाटलं. पण चूक मोजण्याच्या वेळेची आहे. दारू तुटल्यावर पहिल्या आठवड्यात झोप नसते, हात थरथरतात, चिडचिड होतेच. तिथून मोजलंत तर पुढे गुण उतरलेलेच दिसणार. पहिली नोंद दोन-तीन आठवड्यांनी घ्या. प्रश्नावली काढून टाकलीत तर उरतो वॉर्डातल्या माणसाचा अंदाज. आरडाओरडा करणारा त्याच्या नजरेत भरतो, गप्प बसून धुमसणारा सुटतो. आकसाची विधानं अशालाच हेरतात. मूळ अभ्यासात नऊ आठवड्यांनी पुन्हा भरून घेतलेले गुणही बऱ्यापैकी जुळले होते.

पाणवठा: जुळले, विद्यार्थ्यांचे. खोटं उत्तरही दोन्ही वेळा तेच येऊ शकतं. घरी जायची घाई असलेल्याला कुठे खूण केली की सोडतात ते बरोबर कळतं.

रानवाट: माझा नवरा तीनदा दाखल झाला. मला विचारलं असतं तरी सासूबाईंसमोर मी खरं बोलले नसते. वेगळ्या खोलीत बसवून विचारा. 'राग येतो का' हे नको. महिन्यात किती वेळा मारलं, काय फोडलं, तेव्हा प्यायलेला होता का, हे विचारा.

कवडसा: घटना नोंदवायची पट्टीही आहे, १९८६ची ओव्हर्ट ॲग्रेशन स्केल. पण ती वॉर्डात बघणाऱ्यानं भरायची. घरी हे काम बायकोवर टाकायला माझं मन धजत नाही. तिनं भरलेला कागद नवऱ्याच्या हाती लागला तर?

रानवाट: म्हणून तर कागद घरी देऊच नका. तो कामावर गेला की फोन करा.