पुन्हा: पुन्हा: लागर, पण फ्रीजशिवाय

प्रेषक: खजिनदार
मंडळी, शनिवारी २० लिटर लागर, म्हणजे गारव्यात आंबवायची बिअर, लावतोय. पिल्सनर माल्ट (फिक्या रंगाचे, मोड आणून वाळवलेले जव) आणि हलकी व्हावी म्हणून पाचवा हिस्सा तांदूळ. पातेलं, पिंप, नळी जमलंय. लागरचं यीस्ट ३४/७०. अडलंय तापमानावर. पाकीट म्हणतं १२ ते १८ अंश, घरात २२ च्या खाली काही जात नाही. तांदूळ आधी शिजवायचाच ना?

प्रेषक: काका
हो, अगदी गिच्च शिजवा. माल्ट भिजवायच्या ६५ अंशांच्या पाण्यात कच्चा तांदूळ विरघळत नाही.
पिंप टबात ठेवा, निम्म्यापर्यंत पाणी. वरून जुना टी-शर्ट चढवा, कडा पाण्यात बुडू देत, समोर पंखा लावा. सकाळ-संध्याकाळ पाण्यात एकेक गोठवलेली बाटली सोडा. थर्मामीटर पिंपाला चिकटवा. आंबताना आतला माल बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतो. पहिले तीन-चार दिवस जपलंत की निम्मं काम झालं.

प्रेषक: माजी अध्यक्ष
एवढा खटाटोप करून ती लागर नव्हेच. १० अंशांवर आंबवायची, शेवटी दोन दिवस १६ वर आणून लोण्याचा वास घालवायचा, मग शून्याच्या आसपास महिनाभर मुरवायची. जमत नसेल तर सरळ एल करा, ती बिअर घरच्या तापमानावर आंबते.

प्रेषक: वहिनी
झालं सुरू! मागच्या सहलीत ‘काय सुरेख मुरलीय’ म्हणून तुम्ही दुसऱ्यांदा ग्लास पुढे केलात, ती याच यीस्टची, १७ अंशांवरची होती. मुरवायचं मात्र पटतं. बाटल्यांत गॅस धरला की फ्रीजमध्ये मावतील तेवढ्या आडव्या-उभ्या कोंबा.

प्रेषक: भांडी विभाग
‘पातेलं जमलंय’ म्हणजे कुठलं? मंडळाचं असेल तर वहीत नोंद नाही. त्याला फोडणीचा तेलकटपणा आहे, बिअरचा फेस बसेल. आधी घासून घ्या. झाकणही सापडत नाहीये.

प्रेषक: काका
झाकण नकोच. पिल्सनर माल्ट तासभर तरी उघडंच उकळायचं, नाहीतर उकडलेल्या मक्याचा वास राहतो.

प्रेषक: भांडी विभाग
तुम्हाला नको, मंडळाला हवंय.

प्रेषक: खजिनदार
पातेलं माझं स्वतःचं आहे. गॅस धरायला बाटलीत साखर किती?

प्रेषक: वहिनी
लिटरला ६-७ ग्रॅम. घाई नको, हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजायची नळी) आकडा सलग तीन दिवस हलला नाही पाहिजे. सोड्याच्या प्लास्टिक बाटल्या घ्या. दाबून कडक लागल्या की गॅस धरला. काच फुटली तर कळतं ते आवाजावरून.