पन्नास राउंडवर विश्वास ठेवू नका

कुणीतरी लिहिलंय, "नवीन पॉइंट टू-टू (0.22 इंची छोट्या गोळीचं) पिस्तूल, पन्नास राउंड (गोळ्या) मारले, एकदाही अडकलं नाही, म्हणजे भरवशाचं." मला हे पटत नाही. 50 राउंड बिनबोभाट गेले तरी दर शंभरात पाच-सहा वेळा अडकणारं पिस्तूलही नशिबाने तेवढं कधीकधी निभावून नेतं. सलग 300 गेले तर शंभरात एकाहून जास्त अडथळा नसावा असं जरा खात्रीने म्हणता येतं. आणि तेही स्पर्धेत वापरणार त्याच गोळ्यांवर. रिमफायरमध्ये (पॉइंट टू-टूसारख्या, पेटवणारी दारू बुडाच्या कडेत असलेल्या गोळ्यांत) ब्रँड बदलला की सगळं नव्याने तपासा.

1911 साली अमेरिकी सैन्याने कोल्टचं पिस्तूल घेण्याआधी 6000 राउंड झाडले होते. शंभर राउंड झाले की थंड करायचं, हजार झाले की साफ करून तेल द्यायचं. कोल्ट एकदाही अडलं नाही, त्याचं प्रतिस्पर्धी सॅव्हेज 37 वेळा.

माझं पिस्तूल दर चार-पाच मॅगझिनला (गोळ्या भरायच्या पेटीला) एकदा अडकायचं. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये (वरच्या सरकत्या भागात) उभी. मी एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला) दोष देत बसलो होतो. मग मॅगझिनच्या बुडाला नेलपेंटने 1, 2, 3 लिहिलं आणि वहीत नोंद ठेवली. सगळे अडथळे 2 नंबरवर! त्याचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, किंचित फाकले होते.

एक मात्र कळकळीने सांगतो: चाप ओढून नुसता 'टक' आवाज आला, तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. गोळी उशिराने उडू शकते, म्हणून लगेच स्लाइड ओढू नका.