गुदाशयाचा कॅन्सर, पहाटे उलट्या, तोल जातो. साधा सीटी नॉर्मल. पुढे काय?

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय (यवतमाळ जिल्हा)
महिला, वय ५६. गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, फुफ्फुसात गाठी, ऑक्सॅलिप्लाटिन-कॅपेसिटाबिनची केमो चालू. मागची सायकल होऊन दोन आठवडे उलटले. आठवडाभर पहाटे डोकं दुखतं, उलटी झाली की जरा बरं वाटतं. "चालताना तोल जाऊन राहिला," असं मुलगा सांगतो. उलटीच्या ऑन्डॅनसेट्रॉनने फरक नाही, डोक्याचा साधा सीटी नॉर्मल. घरचे पित्त म्हणतात. नागपूरला पाठवू का? तोवर काय देऊ?

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, नागपूर
मॅडम, आजच पाठवा. या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण २-३ जणांच्याच मेंदूत गाठ होते, म्हणून ती चटकन मनात येत नाही. पण मूळ आजार गुदाशयात आणि गाठी फुफ्फुसात असल्या की धोका वाढतो. गाठ बऱ्याचदा लहान मेंदूत असते. तिथे जागा कमी. मेंदूतल्या पाण्याची वाट दबली की रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो.

केमोची उलटी बहुतेक पहिल्या आठवड्यातच होते. ऑक्सॅलिप्लाटिनने पाय बधिर होऊनही तोल जातो, पण तो अंधारात आणि डोळे मिटल्यावर जास्त. उजेडात, डोळे उघडे असतानाही पाय फाकवून चालत असेल, बोट नाकाला नीट लागत नसेल, तर लहान मेंदू धरा. साध्या सीटीत कवटीच्या मागच्या भागात हाडामुळे पट्टे येतात, लहान गाठ लपते. कॉन्ट्रास्टसह एमआरआयच हवा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तिथेच करून पाठवा, इथला वेळ वाचतो.

डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) ८ मिग्रॅ शिरेतून लगेच (४ मिग्रॅ/मिलीची २ मिलीची एक व्हायल). मग दिवसाला १६ मिग्रॅ, सकाळी ८ मिग्रॅ आणि दुपारी ८ मिग्रॅ. संध्याकाळी दिलं तर झोप उडते. सोबत पॅन्टोप्राझोल. झटका (फिट) आलेला नसेल तर झटक्याचं औषध नको. आला असेल तर लेव्हेटिरासिटाम ५०० मिग्रॅ दोनदा. कमरेतून पाणी मात्र काढू नका.

पॅलिएटिव्ह केअर परिचारिका, वर्धा
उलट्या म्हटलं की डेक्स्ट्रोजची बाटली लावायची सवय असते. इथे ती नको, मेंदूची सूज वाढते. नॉर्मल सलाईन लावा. १०८ मध्ये डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवा, मान सरळ. गुंगी वाढली किंवा एक बाहुली मोठी झाली तर मेंदूवरचा दाब उतरवणारं २०% मॅनिटॉल शिरेतून, किलोमागे ०.५ ते १ ग्रॅम, १५-२० मिनिटांत. थंडीत बाटलीत खडे जमतात. बाटली गरम पाण्यात ठेवून ते पूर्ण विरघळवा, मग निववून, फिल्टरच्या सेटने द्या.

बायोप्सी रिपोर्ट, केमोचा चार्ट, सीटीच्या फिल्म, रेशन कार्ड, आधार सोबत द्या. जनआरोग्य योजनेसाठी घरच्यांना नागपूरच्या आरोग्यमित्राला आधी भेटू द्या. बेव्हासिझुमॅब (गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) दिलं असेल तर शेवटच्या डोसची तारीख चिठ्ठीवर ठळक लिहा.

वैद्यकीय अधिकारी
डेक्सा दिलं, गाडी बोलावली. गाठ निघालीच तर करण्यासारखं काही आहे का? मुलगा तेच विचारतो.

रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, नागपूर
आहे. गाठ एकच, ३ सेंमीहून मोठी किंवा पाणी तुंबवणारी असेल तर बहुधा ऑपरेशन, नंतर त्या जागेवर नेमकं रेडिएशन. बेव्हासिझुमॅबनंतर ऑपरेशनला निदान २८ दिवस थांबावं लागतं, तारीख त्यासाठीच. लहान, मोजक्या गाठींना रेडिओसर्जरी (चिरफाड न करता गाठीवर नेमका किरणांचा मारा). २ सेंमीपर्यंत एकाच वेळी साधारण २० ते २४ ग्रे (रेडिएशनचं माप). खूप गाठी असतील तर पूर्ण मेंदूला १० फेऱ्यांत मिळून ३० ग्रे, पण त्याने स्मरणशक्तीवर परिणाम होतो, हे घरच्यांना आधी सांगावं. यातून आजार मुळासकट जाईल असं मुलाला सांगू नका. डोकेदुखी आणि उलटी थांबणं, पुन्हा आपल्या पायांनी चालणं, हे बऱ्याच जणांत साधतं.

घरी परतल्यावर डेक्सा तुमच्याकडेच कमी होईल. एकदम बंद करू नका, दर ३-४ दिवसांनी थोडं उतरवा. डोकेदुखी परतली तर आधीच्या डोसवर या. डेक्साने साखर वाढते, ती दुपारच्या जेवणानंतर तपासा. सकाळची उपाशीपोटीची नॉर्मल येऊन फसवते. तोंडात पांढरं दिसलं तर क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट.