मदत हवी आहे: नॉर्डश्लाइफवर गाडी मागून सुटते, सेटअप सांगा

वेगळाच_वेग
नॉर्डश्लाइफसाठी (जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा लांब ट्रॅक, गेममधला) चांगला सेटअप, म्हणजे सस्पेन्शन, विंग वगैरेची जुळणी, हवा आहे. गाडी मागून सुटते. बाकी ट्रॅकवर माझं टायमिंग बरं आहे, इथेच एक लॅप धड पूर्ण होत नाही. रविवारी मित्रांबरोबर रेस आहे, त्यामुळे थिअरी नको, थेट आकडे द्या. यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय.

अंजीर_बर्फी
गेम कोणता? गाडी कोणती? व्हील की कंट्रोलर? मागून सुटते म्हणजे ब्रेक मारताना, वळणात, की अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर? यातलं एकही लिहिलं नाही आणि आकडे मागतोयस.

टॉर्कमामा
मागचा विंग (गाडीला खाली दाबणारा पंख) तीन घर वाढवा. विषय संपला.

वेगळाच_वेग
एसीसी (असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने). पोर्शे. व्हील आहे. सगळीकडेच सुटते.

अंजीर_बर्फी
पोर्शे कुठली? कप आहे, केमन आहे, 991 आहे, 992 आहे. आणि सगळीकडे सुटत नसते. कुठे सुटते ते नीट बघ.

जुनाट_गिअर
मी पहिल्या असेट्टो कोर्सात वर्षानुवर्षं हाच ट्रॅक चालवतोय. माझा मंत्र एकच: स्प्रिंग मऊ, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलण्यापासून रोखणारा दांडा) मऊ, गाडी वर उचललेली. 20.8 किलोमीटर आणि सत्तरच्या वर वळणं, तिथे कडक गाडी घेऊन जाणं म्हणजे हाडं मोडून घेणं. माझी सेटअप फाइल हवी असेल तर व्यनि करा.

अंजीर_बर्फी
काका, तुमची फाइल एसीसीत उघडणारसुद्धा नाही. शिवाय तुमच्या गेममधला ट्रॅक जुना. 2015 मध्ये फ्लुगप्लाट्झ या भागात जीटी3 वर्गाची रेसची गाडी उडून कुंपणापलीकडे गेली, प्रेक्षक दगावला, त्यानंतर तिथले उंचवटे कापून कमी केले. एसीसीत हा ट्रॅक 2024 मध्ये आला, तोही 24 तासांच्या रेसचा, जीपी सर्किट जोडून 25 किलोमीटरच्या वर.

जुनाट_गिअर
उंचवटे कापले म्हणून डोंगर सपाट झाला का? तत्त्व तेच राहतं.

कलोनचा_बंड्या
मी जर्मनीत राहतो, रिंग इथून तासाभरावर. गेम कशाला, या आणि खराच चालवा. सामान्य लोकांसाठी ट्रॅक उघडा असतो तेव्हा तिकीट काढून आपली गाडी नेता येते. फक्त विमानतळावरून भाड्याने घेतलेली गाडी नेऊ नका, करारात बहुधा मनाई असते आणि विमा हात वर करतो.

वेगळाच_वेग
मी नाशिकला आहे. 992 जीटी3 आर. जास्त करून फुक्सरोअर या उताराच्या तळाला जाते. उतारावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, खाली पोचलो की मागचं चाक एकदम निसटतं आणि डावीकडच्या रेलिंगला. मोंझाचा (इटलीतला लांब सरळ रस्त्यांचा ट्रॅक) सेटअप लावलाय, तो वेगवान आहे.

टॉर्कमामा
बघा! मोंझाला विंग पाडलेला असतो. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

अंजीर_बर्फी
मामा, विंग अर्धंच उत्तर. मोंझाला गाडी जमिनीला टेकवलेली असते. फुक्सरोअरच्या तळाला उतार संपून लगेच चढ लागतो, सगळं वजन सस्पेन्शनवर दाबलं जातं. मागचा बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की अडवणारा तुकडा) दबून संपला की स्प्रिंग असून नसल्यासारखी, चाक दगडासारखं कडक होतं. त्यात इंजिन मागे. तिथे घाबरून पाय उचललास की शेपूट फिरणारच.

आकडे हवेत तर घे. उंची पुढे-मागे पाच-सहा मिलिमीटर वर, पण दोन्हींतला फरक तोच ठेव, नाहीतर एरोचा तोल बिघडेल. मागच्या बम्प स्टॉपची रेंज (तो लागेपर्यंतची मोकळी हालचाल) दोन-तीन घर वाढव, रेट (त्याचा कडकपणा) कमी कर. डॅम्परचा फास्ट बम्प (अचानक बसणाऱ्या दणक्यांसाठीचा) मऊ. विंग मामांचं ऐकून दोनच घर वाढव. लॅपच्या शेवटी डॉटिंगर होअच्या लांब सरळ रस्त्यावर थोडा वेग जाईल, जाऊ दे. डिफरेन्शियलचा प्रीलोड (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवण्याचा दाब) थोडा वर, म्हणजे पाय उचलल्यावर गाडी कमी बिथरेल. टायर 26 ते 27 पीएसआयमध्ये राहायला हवेत, पण डॉटिंगर होअच्या शेवटी बघू नकोस. एवढ्या लांब सरळ रस्त्यावर टायर गार होऊन प्रेशर कमी दिसतं.

आणि पटत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या पानावर टेलिमेट्री लॅप्स (गाडीच्या हालचालींची नोंद) चालू कर, मोटेक या सॉफ्टवेअरमध्ये उघड. मागचा बम्प स्टॉप कुठे आपटतो ते ग्राफमध्येच दिसेल.

सायलीची_आई
इथे विचारू का? मुलगा नववीत आहे, त्याला असं स्टिअरिंग हवंय. टेबलाला लावायचं घ्यावं की स्टँड? टेबल काचेचं आहे.

टॉर्कमामा
ताई, काचेवर अजिबात नको. आणि बेल्टचं घ्या, गिअरचं खडखड करतं.

जुनाट_गिअर
माझं गिअरचंच आहे. खडखड करतं पण मरत नाही. नववीतल्या मुलाला बेल्टचं कशाला?

कलोनचा_बंड्या
अवांतर: 2018 मध्ये पोर्शेने 919 इव्हो घेऊन टिमो बर्नहार्डकडून 5:19.546चा लॅप काढला. सेटअप म्हणतात तो हा.

अंजीर_बर्फी
ती रेसच्या नियमांतून मोकळी केलेली गाडी. याचा इथे काय संबंध?

वेगळाच_वेग
उंची आणि बम्प स्टॉप बदलले. फुक्सरोअर आता पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, रेलिंग लागत नाही. पण त्याच्या पुढच्या आडेनाउअर फोर्स्टच्या वळणाला गाडी वळतच नाही, सरळ गवतात. पुढचा अँटी-रोल बार मऊ करू का?

अंजीर_बर्फी
बार नंतर. फुक्सरोअर पूर्ण वेगात निघतोय म्हणजे तिथे आधीपेक्षा बराच जोरात पोचतोयस. ब्रेक आधी मार. ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी) किती आहे?

टॉर्कमामा
विंग एक घर कमी करा.