प्रसारमाध्यमे आणि समाज: गोव्यातली उदाहरणे घेऊन प्रकल्प कसा करावा?

फोंडा_प्रथमवर्ष: बीएला 'प्रसारमाध्यमांची ओळख व समाजातील भूमिका' असा प्रकल्प आहे. माहिती, शिक्षण, मनोरंजन ही यादी सगळेच उतरवणार. गोव्यातल्या माध्यमांत ही भूमिका प्रत्यक्ष दाखवायची तर काय घ्यावे आणि कसे मोजावे? हाताशी दोन आठवडे आहेत.

माटोळी: इतिहासासाठी १९६७ चा जनमत कौल घ्या: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित) ठेवायचा, हा त्यातला प्रश्न. १६ जानेवारीला मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल हे चिन्ह, संघप्रदेशासाठी दोन पाने. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधात, आणि दोन्ही दैनिके मराठीच. त्यामुळे भाषेवरून वर्तमानपत्राची भूमिका ठरवली की विश्लेषण तिथेच फसते.

दुसरी चूक म्हणजे 'राष्ट्रमतने कौल फिरवला' असे एका वाक्यात लिहून मोकळे होणे. त्याच काळात सभा, गाणी, घरोघरचा प्रचार हेही चालू होते. छापील मजकुराचा परिणाम त्यांतून वेगळा काढायला पुरावा लागतो. तो नसेल तर 'दैनिकांनी दोन्ही बाजूंचे मुद्दे रोज लोकांपुढे ठेवले' एवढेच म्हणा. तेही कमी नाही.

त्याआधीचे पोर्तुगीज सेन्सॉरशिपचे दिवसही पाहा. वर्तमानपत्राचा मजकूर छापण्याआधी अडवता येत होता. म्हणून १९५५ ते १९६१ गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. रेडिओलहरींना तपासणी नाका नसतो. माध्यम बदलले की सत्तेचा हात कुठवर पोचतो हेही बदलते, आणि तुमच्या विषयाचा गाभा माझ्या मते इथेच आहे.

कॉलम_सेंमी: आजच्या भागासाठी एकच विषय धरा: म्हादई नदीच्या पाण्याचा वाद, खाणी किंवा जमीन रूपांतर. दोन दैनिके, प्रत्येकी सहा अंक. पहिल्या आठवड्यातला सोम, बुध, शुक्र. दुसऱ्यातला मंगळ, गुरू, शनी. रविवार पुरवणीमुळे आकडे बिघडवतो, तो वगळा.

जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजा. तीन कॉलम रुंद आणि १२ सेंमी उंच बातमी म्हणजे ३६. मोजमाप कागदी अंकावरच करा; ई-पेपर झूम केला की पट्टी निरुपयोगी. दोन दैनिकांच्या कॉलमची रुंदी वेगळी असेल तर जाहिराती वगळून उरलेल्या जागेची टक्केवारी काढा.

खरी गोष्ट मात्र जागेत नाही, कोण बोलतो यात आहे. समजा, ग्रामसभेची बातमी आहे. मथळा 'ग्रामस्थ आक्रमक'. पहिले अवतरण आमदाराचे, दुसरे पंचायत सचिवाचे. ग्रामस्थांची हरकत नेमकी कुठल्या सर्व्हे नंबरच्या जमिनीवर होती, हे आतल्या पानावर शेवटच्या परिच्छेदात. मथळा त्यांचा, बातमी दुसऱ्याची! म्हणून प्रत्येक बातमीत पहिला बोलणारा, एकूण बोलणारे आणि ग्रामस्थाचा पहिला शब्द कितव्या परिच्छेदात, हे टिपा. दोन्ही दैनिकांत तीच वाक्ये सापडली तर मूळ प्रेसनोट आहे असे समजा.

'सकारात्मक-नकारात्मक' असा रकाना ठेवू नका, तिथे दोन माणसांचे कधी जुळत नाही. बाकीचे रकानेही तपासा: वीस बातम्या दोघांनी वेगवेगळ्या भरायच्या. सोळाहून कमी जुळल्या तर व्याख्या ढिल्या आहेत. त्या सुधारून पुन्हा भरा.

फोंडा_प्रथमवर्ष: खूप उपयोग झाला, देव बरें करूं. व्हॉट्सॲपवरच्या बातम्या यात घ्यायच्या का?

माटोळी: फॉरवर्डला मूळ सापडत नाही, म्हणून मोजणीत घेऊ नका. उत्तरदायित्वाच्या प्रकरणात घ्या. वर्तमानपत्रात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे देणारी ओळ असते. मजकुराबद्दल तक्रार असेल तर आधी संपादकाला लिहायचे, मग प्रेस कौन्सिल. वृत्त पोर्टलांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क द्यावा लागतो आणि तक्रार १५ दिवसांत निकाली काढावी लागते. तुम्ही पाहाल त्या प्रत्येक पोर्टलवर हा संपर्क आहे का, याची नोंद करा. फॉरवर्डच्या मागे यातले काहीच नसते.

कॉलम_सेंमी: आणि जाहिरातींचा तक्ता वेगळा ठेवा: सरकारी, बिल्डर, कॅसिनो-हॉटेल, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. बातमीसारखी मांडलेली जाहिरात असेल तर कोपऱ्यातला बारीक 'जाहिरात' शब्द शोधा, नाहीतर ती बातम्यांत मोजली जाते.